विटी, दांडू आणि गोल्फ

माघ महिन्यात कळंबला श्रीचिंतामणीची यात्रा भरते आणि त्या निमित्ताने आमच्या घरची सगळी पांगलेली मंडळी चार दिवस एकत्र येतात. थोरले बंधू अण्णा हे वाड्यातच असतात. त्यांचे वय आता ऐंशीचे. मी पुण्याचा रहिवासी होऊन पन्नास वर्षे लोटली, तरी माघ आला की पाय आपोआप वऱ्हाडाकडे वळतात. यंदा माझ्याबरोबर धाकट्या भावाचा मुलगा होता. हा पुतण्या पुण्यास एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि गेली चार वर्षे त्याने गोल्फ या खेळाचे वेड घेतले आहे.

वर्ध्याहून कळंबपर्यंत आता रुंद मापाची आगगाडी झाली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मार्गाचा हा पहिला टप्पा 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. आमची मात्र गाडीची वेळ जुळली नाही, म्हणून मोटारीनेच निघालो. देवळी मागे पडली, वर्धा नदीचा पूल ओलांडला आणि यवतमाळ जिल्ह्याची काळी जमीन सुरू झाली. शेतांतून कापसाची शेवटची वेचणी चाललेली, तुरी कापून झालेल्या, मधूनच एखादा पळस फुलण्याच्या बेतात. पुतण्या सारखा खिडकीबाहेर पाहत होता. मला वाटले, पूर्वजांच्या भूमीच्या दर्शनाने याचे मन भरून आले असावे. इतक्यात तो म्हणाला, “काका, इथे केवढी मोकळी जागा आहे! अठरा होलचे मैदान सहज बसेल.”

मोटारीच्या मागच्या बाजूस त्याची ती लांबलचक पिशवी होती. वाड्यात ती उतरविताना गड्याला ती एखाद्या भजनी मंडळाची वाटली. “वीणा आहे काय जी?” असे त्याने विचारलेदेखील.

कळंबचे चिंतामणीचे देऊळ ज्यांनी पाहिले नसेल त्यांस थोडे सांगितले पाहिजे. इतर देवळांस पायऱ्या चढून जावे लागते, येथे उतरून जावे लागते. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे आणि त्यातील कुंडाचे पाणी काही वर्षांनी आपण होऊन वर चढते. त्यास लोक गंगा आली असे म्हणतात. पाण्याला पारख्या झालेल्या या मुलुखात जमिनीखालून वर येणाऱ्या पाण्याची पूजा व्हावी, याचे आम्हांस कधी नवल वाटले नाही. दर्शन झाले, प्रसाद झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने आपली पिशवी खांद्यास लावून गावाबाहेरच्या गायरानाची वाट धरली. पोरेटोरे त्याच्या मागे, आणि काठी टेकीत अण्णा सर्वांच्या मागे. मी अण्णांच्या सोबतीस होतो.

हे गायरान आमच्या लहानपणीचे क्रीडांगण. तेथे एक पडकी विहीर आहे, आणि विहिरीच्या थारोळ्यापासून पूर्वेस एक जुनी चिंच. याच जागेवर आम्ही सारे विटी-दांडू खेळत लहानाचे मोठे झालो. गल विहिरीच्या थारोळ्याशी खणलेली असे. टोला पूर्वेस, चिंचेच्या दिशेने मारायचा.

पुतण्याने पिशवीतून जी एक काठी काढली तिचे डोके एखाद्या मोठ्या कवठाएवढे होते. त्यास ड्रायव्हर म्हणतात. अण्णांनी ते डोके बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, “अरे, हे तर पोकळ आहे!” ते पोकळच असते. गोल्फचा जन्म स्कॉटलंडात झाला. तेथे शेकडो वर्षे या काठ्या लाकडाच्या होत्या, आणि पुढे दांडा हिकरीचा व डोके पर्सिमन नावाच्या कठीण अमेरिकन लाकडाचे अशी रीत पडली. दांड्यात पोलाद 1920 नंतर आले. सेंट अँड्रूजच्या मंडळींनी पोलादी दांड्यास 1929 साली मान्यता दिली, अमेरिकेने ती त्यापूर्वीच दिली होती. डोके मात्र त्यानंतरही पन्नास वर्षे लाकडाचेच राहिले. 1979 मध्ये टेलरमेड या अमेरिकन कंपनीने धातूचे डोके विकावयास काढले, तेव्हा जुने खेळाडू हसले. 1991 मध्ये कॅलवेने ‘बिग बर्था’ नावाचा मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर आणला. ते नाव पहिल्या महायुद्धातील एका जर्मन तोफेचे! त्यानंतर हसण्याचे कोणास कारण उरले नाही. पुढे टायटॅनियम आले. ही धातू हलकी आणि चिवट, त्यामुळे डोके मोठे करूनही जड होत नाही. पुढचा पत्रा इतका पातळ ठेवता येतो की चेंडू लागताच तो किंचित दबून उसळतो. शिवाय वजन कडेकडेने वाटून दिलेले असल्यामुळे टोला मध्यावर न लागता थोडा बाजूस लागला तरी डोके फारसे वळत नाही. म्हणजे चुकलेला टोलाही पुष्कळसा सरळ जातो. अखेर 2004 मध्ये या डोक्याच्या आकारास 460 घनसेंटिमीटरांची मर्यादा घालावी लागली.

“म्हणजे चूक माफ करणारा दांडू!” अण्णा म्हणाले. विटीला तसे काही कधी जमले नाही. तिच्या टोकावर दांडू नेमका बसला नाही तर ती जागच्या जागी लोळण घेते, आणि नेमका बसून वर उडाली तरी हवेत तिला गाठताना एका बोटाची चूक झाली की पोरे हसतात.

चेंडूची कथा तर याहून रंजक आहे. आरंभी तो कातड्याचा असे आणि त्यात उकडलेली पिसे ठासून भरीत. टोपीभर पिसे एका चेंडूत! कारागीर दिवसाकाठी मोजकेच चेंडू करू शके, म्हणून ते महाग. आणि पावसात भिजले की निकामी. 1848 च्या सुमारास मलायातून येणाऱ्या गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा चेंडू निघाला. समुद्रातून तारायंत्राच्या तारा नेण्यास ज्या चिकाचे वेष्टण उपयोगी पडले तोच हा चीक. हा चेंडू स्वस्त होता, पण नवा कोरा असताना तो नीट उडेना. काठ्यांचे घाव बसून खरवडला की झकास उडे. तेव्हा लोकांनी नव्या चेंडूवर मुद्दाम हातोडीने खुणा करण्यास सुरुवात केली. आज गोल्फच्या चेंडूवर देवीच्या व्रणांसारख्या ज्या खळ्या दिसतात त्यांचे मूळ येथे आहे. खळ्यांमुळे चेंडूच्या पाठीमागचा हवेचा भोवरा लहान होतो आणि चेंडूला होणारा अडथळा कमी पडतो. मग 1898 मध्ये क्लीव्हलंडच्या हॅस्केल नावाच्या गृहस्थाने रबराचा ताणलेला धागा गुंडाळून चेंडू केला आणि 1902 मध्ये सँडी हर्डने त्याच चेंडूने ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. अलीकडे, 2000 पासून, धागा जाऊन घन गाभ्याचे अनेक थरांचे चेंडू सर्वत्र झाले आहेत.

परिणाम असा की चेंडू लांब जाऊ लागला. अमेरिकेतील धंदेवाईक खेळाडूंचा सरासरी टोला 1980 साली 257 यार्डांच्या आसपास होता. आता तो 300 यार्डांच्या घरात आहे. टोले लांबले म्हणून मैदाने तोकडी पडली. ऑगस्टा येथील सुप्रसिद्ध मैदान 2001 मध्ये 6,985 यार्ड होते, ते वाढवीत वाढवीत 2023 मध्ये 7,545 यार्ड केले गेले. त्यासाठी शेजारची जमीनही विकत घ्यावी लागली. मैदान लांबले की जमीन अधिक, गवत अधिक, पाणी अधिक, खर्च अधिक. एक नवी वस्तू आली की ती आपल्या मागून दुसरी मागविते, हे आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. 2002 साली बीटी कापसाचे बियाणे आले तेव्हा फवारणी कमी होईल असे सांगितले गेले. आणि 2017 च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे दगावली. गोल्फच्या कारभाऱ्यांस मात्र उशिरा का होईना जाग आली. डिसेंबर 2023 मध्ये सेंट अँड्रूजची व अमेरिकेची अशा दोन्ही शिखर संस्थांनी चेंडूची कसोटी अधिक कडक करण्याचे ठरविले. सर्वांत लांब मारणाऱ्यांचा टोला त्याने तेरा ते पंधरा यार्ड कमी पडेल. नवे यंत्र मागे घेण्याचा असा निर्णय इतर कोणत्या धंद्यात झाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

इकडे गायरानावर पुतण्याने मागच्या बाजूस एक पुस्तकाएवढी पेटी मांडली होती. ती रडारची. डेन्मार्कच्या ट्रॅकमन कंपनीने 2003 पासून या कल्पनेचा प्रसार केला. आता तिच्या लहान, स्वस्त आवृत्त्या हौशी लोकही बाळगतात. पेटीचे तत्त्व पोरांस समजेना, तेव्हा मी त्यांस शकुंतलेची गोष्ट सांगितली. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज गाडी लोक प्रेमाने शकुंतला म्हणत. 1994 पर्यंत तिला वाफेचे एंजिन होते. आता ती बंद पडून काही वर्षे झाली. दारव्ह्यास मामांकडे गेलो की आम्ही रुळांच्या कडेस उभे राहून तिची शिट्टी ऐकत असू. गाडी जवळ येताना शिट्टी बारीक, आणि पुढे निघून गेली की एकदम जाड. चेंडूवर आपटून परत येणाऱ्या लहरीतही असाच फरक पडतो आणि त्यावरून पेटी वेग काढते. पुतण्याने टोला मारला. चेंडू क्षणार्धात दिसेनासा झाला. अण्णांस तर तो उडालेलाच दिसला नाही. पेटीने मात्र चेंडू किती वेगाने सुटला, मिनिटास किती गिरक्या घेत गेला, किती अंशांनी वर चढला आणि कोठे पडला असेल, हे सारे मोबाईलच्या पडद्यावर मांडून ठेवले.

“पडला कोठे ते दाखव की,” अण्णा म्हणाले.

“मोठे काका, दोनशे अठरा यार्डांवर.”

“ते कळले. पण कोठे?”

पोरे धावली. चेंडू सापडला नाही. गुरे घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून म्हणाला, “काय करून राह्यले जी तुमी?” आणि उत्तराची वाट न पाहता चालता झाला.

या निमित्ताने पुण्यात पाहिलेली एक गोष्ट आठवते. येरवड्याच्या मैदानावर पुतण्याबरोबर मी एकदा फिरावयास गेलो होतो. त्याची पिशवी वाहणारा कॅडी पंचेचाळिशीतला, अबोल गृहस्थ होता. पुतण्या दुर्बिणीसारखे एक लेसरयंत्र डोळ्यास लावून निशाणापर्यंतचे अंतर पाही आणि काठी निवडी. एकदा त्याने आकडा पाहून हात पुढे केला, तर कॅडीने भलतीच काठी हातात ठेवली. पुतण्या म्हणाला, “दीडशेच आहे.” कॅडी म्हणाला, “साहेब, यंत्र अंतर सांगतं. वर वारा आहे.” खाली झाडाचे पानही हलत नव्हते. पण दूर, उंच झाडांचे शेंडे मात्र डोलत होते. पुतण्याने त्याचे ऐकले आणि चेंडू निशाणाजवळ पडला. परतताना मी त्या गृहस्थास सहज विचारले, की यंत्रे आल्यापासून कामात काय फरक पडला. तो म्हणाला, “आता पिशवी उचलायला बोलावतात. आधी विचारायला बोलावत.” आपल्या देशात अली शेरसारखा दिल्लीचा एक कॅडी 1991 साली भारतीय खुली स्पर्धा जिंकून गेला, नजरेने अंतर ओळखण्याची विद्या त्याने दुसऱ्यांच्या पिशव्या वाहतानाच मिळविली असणार. लेसरयंत्रास 2019 च्या नियमांनी सर्वसाधारण मुभा दिली. चढउतार व वारा मोजण्याची मनाई मात्र अजून आहे. तेवढाच त्या कॅडीच्या नजरेस नियमांनी ठेवलेला आधार.

एक गोष्ट मात्र गोल्फमध्ये आम्हांस फार आवडली. या खेळात प्रत्येक टोल्यामागे पंच उभा नसतो. खेळाडूने आपली चूक आपणच सांगावयाची. 1925 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्सने कोणीही न पाहिलेली आपली चूक स्वतः सांगून दंड घेतला व शेवटी स्पर्धा गमावली. याच्या उलट 2017 मध्ये लेक्सी थॉम्पसन या खेळाडूने चेंडू उचलून ठेवताना इंचभर चूक केली, ती घरी टेलिव्हिजन पाहणाऱ्या कोणीतरी ई-मेलने कळविली आणि दुसऱ्या दिवशी खेळ ऐन रंगात असताना तिच्यावर चार टोल्यांचा दंड बसला. तीही स्पर्धा हरली. पुढे अशी घरबसल्या केलेली तक्रार ऐकावयाची नाही असे ठरले. आमच्या मते ते योग्य झाले.

आता आमची गोष्ट. आमच्या गावी विटी-दांडूत टोला मारणाऱ्याने आपले दांडू ‘मागावे’ अशी रीत होती. विटी कोठे पडली ते पाहून त्याने म्हणावयाचे, इतके. समोरच्या पक्षास पटले तर तितके त्याच्या नावावर. न पटले तर ‘मोज’ म्हणावयाचे. मग दांडू जमिनीवर टाकीत टाकीत, वकट, लेंड, मुंड असे पुकारीत विटीपासून गलीपर्यंत मोजणी. मागितल्यापेक्षा कमी भरले तर मारणारा बाद. साराच खेळ नजरेचा आणि अब्रूचा. सुमारे 1960 सालच्या एका संध्याकाळी मी ऐंशी दांडू मागितले. विटी चिंचेच्या पाराला लागून पडली होती. माझे वय दहा-अकराचे. असा टोला मी आधी कधी मारला नव्हता आणि नंतरही मारला नाही. समोरच्या पक्षाचे नायक अण्णा होते. त्यांनी एकवार चिंचेकडे पाहिले, एकवार माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “दिले.” त्या ऐंशीवर आम्ही जिंकलो. अण्णांच्या गड्यांनी त्यांस भाऊ म्हणून सूट दिली असे म्हणत त्यांचे नायकपण काढून घेतले, आणि त्यानंतर अण्णा विटी-दांडू खेळले नाहीत. शिक्षणास अमरावतीस जाण्याची वेळ झाली होती असे ते सांगत. मला सत्तरांपलीकडे खात्री नव्हती, हे मी त्यांस कधी सांगितले नाही.

ही हकिकत मी त्या सकाळी पोरांस सांगत होतो, अण्णा ऐकत होते. पुतण्याचे डोळे चमकले. “काका, विहीर आहे, चिंच आहे. मग अडले कुठे?” त्याने लेसरयंत्र काढले, थारोळ्याशी जेथे गल असे तेथे उभा राहिला आणि चिंचेच्या पाराकडे नेम धरला. आम्ही सारे गप्प. माझ्या छातीत, खोटे कशास सांगू, धडधड होत होती.

“एकोणचाळीस मीटर!”

मोबाईलवर त्याने लगेच गणित मांडले. दांडू एकोणीस इंची असेल तर ऐंशीच्या किंचित वर, म्हणजे काकांचे खरे. वीस इंची असेल तर सत्याहत्तरसुद्धा भरत नाहीत, काका बाद. “दांडू किती इंची होता?”

तो दांडू बाभळीचा होता, अण्णांनीच तासलेला. त्याच वर्षी होळीत गेला. इतके आम्हां दोघांस नक्की आठवत होते. बाकी काही आठवेना. मी म्हटले, “दीड फुटाचाच तर होता.” अण्णांनी मान हलविली. “दीड हाताचा.” “पण हात कोणाचा, मोठे काका?” पुतण्याने विचारले. “माझा. त्या वेळचा.” मग पोरे आपापले हात पसरून मापू लागली, पंधरा वर्षांच्या एका नातवाचा हात बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत मोजला, तर दुसऱ्याने आक्षेप घेतला की मूठ वळलेली धरावयाची. यंत्राने काम चोख केले होते, त्यास बोल लावता येत नव्हता.

घरी आल्यावर पुतण्याने वहिनींस उत्साहाने सांगितले की गायरानावर गोल्फचे मैदान किती छान होईल. वहिनी ताक घुसळीत होत्या. “गवताला पाणी कोठले?” त्यांनी विचारले. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली आणि यवतमाळ शहरास कित्येक दिवसांआड पाणी मिळे. तेव्हा तेथे राहणारी त्यांची लेक दोन मुले घेऊन येथे येऊन राहिली होती. पुतण्याने सांगितले की पूर्वी हिंदुस्थानात पुष्कळ ठिकाणी हिरवळीऐवजी वाळूत तेल कालवून दाबलेली तपकिरी जागा करीत, तिला ‘ब्राउन’ म्हणत, तिला पाणी लागत नाही. “मग तसे कर,” वहिनी म्हणाल्या, “पण गुरे कोठे चरतील ते आधी ठरव.” येथे पुतण्याने विषय सोडला आणि ताकाची वाटी पुढे केली.

रात्री पंगत बसली तेव्हा दांडूचा वाद पुन्हा निघाला. मी एकोणीस इंचांवर ठाम होतो. अण्णा भाताचे आळे करून वरण वाढण्याची वाट पाहत होते.

“वीस,” ते म्हणाले. “मी तासला होता.”

“मग त्या दिवशी ‘मोज’ का नाही म्हणालात?”

वहिनी वरण घेऊन आल्या. अण्णांनी पान पुढे सरकविले. “अंधार पडत होता,” ते म्हणाले, “आणि तुला ताप होता.”

मला ताप होता हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हते.